तिसऱ्या गोळीची वाट पाहताना

मनोरच्या नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला दोन्ही अंगांनी रस्ते येऊन मिळतात. पश्चिमेचा पालघरला जातो, पूर्वेचे विक्रमगड-जव्हारकडे आणि वाड्याकडे. डोंगरातल्या पाड्यांवरून मोठ्या डॉक्टरकडे जायचे, तर अनेकांची वाट याच नाक्यावरून जाते. फिट येणाऱ्या माणसाचीही. पिशवीत जुने कागद आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असतात. सोबत घरचे कोणीतरी असते, कारण वाटेत फिट आली तर सांभाळणार कोण? विचारले की उत्तर मिळते, "गोळ्या चालू आहेत, तरी येतेच." किती वर्षे? पाच, दहा, कधी पंधरा.

या उत्तरात दोन अगदी निराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. एक म्हणजे औषध मेंदूपर्यंत नीट पोचलेलेच नाही, किंवा पोचले ते चुकीचे औषध होते. दुसरी म्हणजे योग्य औषध, पुरेशा मात्रेत, न चुकता पोचले आणि तरीही हरले. पहिलीवर बरेचदा गावाजवळच उपाय होऊ शकतो. दुसरीवरही उपाय आहे, पण तो पुढच्या नव्या गोळीत क्वचितच सापडतो. हा फरक वेळीच कोणी करत नाही आणि माणसाच्या उमेदीची वर्षे त्यात निघून जातात.

मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्यांतला एखादा गट अचानक, एका ठेक्यात, प्रमाणाबाहेर संदेश सोडू लागला की झटका येतो. असे झटके पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. बोलताना आपण फिट, फेफरे, आकडी किंवा मिरगी म्हणतो. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांतले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातला आकडा १ कोटीच्या वर असावा, असा अंदाज आहे.

फिट म्हटले की जमिनीवर पडून हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराचा एक फार नेहमीचा प्रकार तसा दिसतच नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, उगाच भीती दाटून येते किंवा नसलेला वास येतो. मग माणूस एकटक बघत राहतो, तोंडाने मचमच करतो, हाताने कपडे चाचपतो, हाक मारली तर ओ देत नाही. मिनिट-दोन मिनिटांत भानावर येतो आणि काही वेळ गोंधळलेला राहतो. घरचे म्हणतात, "मधेच हरवतो." कोणी म्हणते, वारे लागले. मग भगताकडे जाणे होते, अंगारा होतो. भगताकडे जाणाऱ्यांना दोष देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तो हाकेच्या अंतरावर असतो, ऐकून घेतो आणि मेंदूविकारतज्ज्ञ शहरात असतो. पण हे हरवणे मेंदूच्या बाजूच्या, कानाजवळच्या भागातून उठणाऱ्या झटक्याचे लक्षण असू शकते आणि शस्त्रक्रियेचा सर्वांत चांगला गुण याच प्रकारात येतो. म्हणून ते ओळखता आले पाहिजे.

मग औषधे हरली असे कधी म्हणायचे? त्यासाठी दोनाचा नियम आहे. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने २०१० साली व्याख्या ठरवली: नीट निवडलेली, सोसवणारी आणि पुरेशी घेतलेली दोन औषधे, एकेकटी किंवा मिळून देऊनही झटके कायमचे थांबले नाहीत, तर तो औषधरोधी अपस्मार समजावा. दोनच का? याचे उत्तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत मिळाले. पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रोडी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधी कधीच औषध न घेतलेले ४७० रुग्ण होते. पहिल्या औषधाने ४७ टक्क्यांचे झटके थांबले. दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे. तिसऱ्याने एकट्याने फक्त १ टक्क्याचे, आणि दोन औषधे एकत्र दिल्यावर ३ टक्क्यांचे. म्हणजे दुसऱ्या औषधानंतर आशेची उतरण एकदम तीव्र होते.

गेल्या काही दशकांत नवनवी औषधे आली. लिव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजिन, लॅकोसामाइड ही नावे आता तालुक्याचा मेडिकलवालाही ओळखतो. त्यांचे दुष्परिणाम पुष्कळदा कमी आहेत आणि हा फायदा खराच मोठा आहे. पण ग्लासगोच्याच केंद्राने २०१८ साली १७९५ रुग्णांचा तीस वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा झटके थांबलेल्यांचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपासच निघाले. दर तिघांतला एक जण होता तिथेच राहिला. नवे औषध आले की आशा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या आशेवर पाच-पाच वर्षे लावणे हा रुग्णावर अन्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

तरीही "औषधे हरली" असा शिक्का मारण्याआधी औषधांना खरेच संधी मिळाली का, हे तपासावे लागते. पालघर जिल्ह्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

दिवाळीनंतर विक्रमगड, जव्हार, मोखाड्याची कितीतरी कुटुंबे घरांना कडी लावून "जगायला" बाहेर पडतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या, बांधकामे, रेतीची कामे. ही कुटुंबे होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा मनोरच्या ग्रामीण रुग्णालयातून महिन्याच्या गोळ्या घेणारा माणूस या चार-सहा महिन्यांत कुठून गोळ्या घेणार? भट्टीच्या गावातल्या डॉक्टरकडे त्याचे कागद नसतात. गोळ्या संपतात, आठवडाभर खंड पडतो आणि फिट येते. फिटच्या गोळ्या अचानक तुटणे हे स्वतःच झटक्याला, कधी सलग न थांबणाऱ्या झटक्यांनाही आमंत्रण असते. परत आल्यावर नवा डॉक्टर पाहतो, की जुन्या गोळीने फिट थांबली नाही, आणि दुसरी लिहून देतो. कागदावर दोन औषधे हरलेली दिसतात. प्रत्यक्षात एकही नीट वापरलेले नसते. जगायला निघण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि औषधाचे नाव व मात्रा लिहिलेला कागद सोबत असावा, एवढी व्यवस्था झाली तर या भागातल्या कितीतरी न थांबणाऱ्या फिट थांबतील. यासाठी नवे यंत्र लागत नाही. ठरवून करण्याची इच्छा लागते.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अडचण निराळी. तिथे पाळ्या फिरतात. या आठवड्यात दिवसा काम, पुढच्या आठवड्यात नाइट. झोप मोडणे हे झटक्याचे एक फार ओळखीचे कारण आहे, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची सकाळची गोळी झोपेत राहून जाते. त्यात दारूची भर पडली, तर पिताना नव्हे, उतरताना झटका येतो. अशा कामगाराची मात्रा वाढवत नेण्याआधी त्याला कायम दिवसपाळी मिळते का, हे पाहणे जास्त उपयोगाचे. डॉक्टरची एक चिठ्ठी इथे दुसऱ्या गोळीपेक्षा मोठे काम करू शकते.

औषधाचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. फेनिटॉइन, म्हणजे पुष्कळ घरांत एप्टॉइन या नावाने ओळखली जाणारी गोळी, १९३८ पासून वापरात आहे आणि स्वस्त आहे. पण तिचा हिशेब सरळ नाही. एका मर्यादेनंतर यकृताची ती पचवण्याची ताकद संपते आणि मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातली पातळी एकदम उसळते. माणूस झोकांड्या खातो, एकाचे दोन दिसतात. उलट मात्रा जरा कमी पडली की झटके सुरू. म्हणून न थांबणाऱ्या फिटमध्ये रक्तातली पातळी तपासणे हा साधा पण फार उपयोगी उपाय आहे. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन यकृताला चेतवते आणि फिटच्या अनेक औषधांची पातळी खाली आणते. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्यावर फिट वाढली, तर ते औषध हरले असे नसते, दोन औषधांचे आपसांत जमले नाही असे असते. दोन्ही आजारांचे डॉक्टर वेगळे असतील तर ही गोष्ट रुग्णालाच सांगावी लागते.

कधी औषधाची निवडच चुकलेली असते. किशोरवयात सुरू होणारा एक अपस्मार आहे. त्यात सकाळी उठल्यावर हातांना बारीक हिसके बसतात; दात घासताना ब्रश उडतो, हातातला चहाचा कप सांडतो. मोठी फिट क्वचित येते आणि तेवढीच डॉक्टरला सांगितली जाते. अशा मुलाला कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन दिले तर हिसके वाढू शकतात. योग्य औषधावर हाच आजार बहुतेकांत आटोक्यात येतो. "सकाळी हातातून वस्तू उडतात का?" हा एक प्रश्न कितीतरी वर्षे वाचवू शकतो.

आणि कधी तो अपस्मारच नसतो. भोवळ, हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड, किंवा मनावरच्या ताणातून येणारे, फिटसारखे दिसणारे झटके. व्हिडिओ-ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद आणि चित्रीकरण एकत्र, करणाऱ्या मोठ्या केंद्रांत न थांबणाऱ्या फिटसाठी दाखल होणाऱ्यांत सुमारे पाचातल्या एकाला हे शेवटच्या प्रकारचे झटके असतात. हे ढोंग नसते. असे झटके येणाऱ्या माणसाला ते मुद्दाम आणता येत नाहीत की थांबवता येत नाहीत. फक्त त्यांचा उपाय फिटच्या गोळीत नसतो, समुपदेशनात आणि मानसोपचारात असतो. चार-चार गोळ्या देऊन असे झटके थांबत नाहीत, फक्त माणूस सुस्त होतो.

हा गोंधळ सोडवायचे सर्वांत स्वस्त साधन आता बहुतेक घरांत आहे: मोबाइल. झटका येताना एकाने रुग्णाला सांभाळावे आणि दुसऱ्याने व्हिडिओ काढावा. चेहरा, दोन्ही हात, डोळे उघडे की मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, एक हात आखडला का, हाक मारल्यावर काय झाले, आणि भानावर येताना बोलता आले का, हे सगळे त्यात दिसावे. डावा हात आखडला तर बहुधा उजवा मेंदू, झटक्यानंतर बराच वेळ शब्द सापडत नसतील तर बहुधा भाषेची बाजू; असे तज्ज्ञ त्या दोन मिनिटांतून वाचत जातो. डॉक्टरसमोर फिट येत नाही, घरी येते. म्हणून घरच्यांची नजर हाच अपस्मारातला पहिला पुरावा. भिंतीवरच्या कालनिर्णयात झटक्याच्या तारखेला खूण करावी, गोळी चुकली तर वेगळी खूण, बायकांनी पाळीची तारीखही. काहींचे झटके पाळीच्या आसपास वाढतात आणि ते वर्षाच्या खुणांतूनच कळते.

मेंदूतल्या कृमीचाही उल्लेख केलाच पाहिजे. जिथे उघड्यावर शौच आणि मोकाट डुकरे एकत्र असतात, तिथे फीतकृमीची अंडी हात, पाणी किंवा कच्च्या भाजीवाटे पोटात जातात आणि अळी मेंदूत जाऊन बसते. डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्या शाकाहारी माणसालाही हे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हे कारण असते. बहुतेकांत उपचाराने गाठ विरते आणि फिट आटोक्यात राहते. काहींत चुनखडीसारखा कडक डाग मागे उरतो आणि तो वर्षानुवर्षे त्रास देत राहतो.

आता खरोखर हरलेल्या औषधांकडे येऊ. गोळ्या वेळेवर घेतल्या, पातळी बरोबर होती, निवड बरोबर होती आणि तरीही झटके चालू आहेत. असे का होते, याची एकच एक उकल अजून नाही. काही संशोधक म्हणतात, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांतले पंप औषध बाहेर ढकलतात. काहींच्या मते औषध जिथे चिकटायचे ती जागाच बदललेली असते. काहींच्या मते दोष पेशीत नसून पेशींच्या जाळ्यात असतो. उपचार ठरवताना मात्र प्रश्न वेगळा विचारायचा: झटका मेंदूच्या एकाच जागेतून उठतो का? ती जागा काढली तर माणसाचे बोलणे, चालणे, स्मरण शाबूत राहील का? फाल्गुनात डोंगरावर वणवा पेटतो तेव्हा सगळा डोंगर धुमसताना दिसतो, पण ठिणगी एकाच खाचेत पडलेली असते. ती खाच शोधणे हे अपस्माराच्या शस्त्रक्रियेचे निम्म्याहून अधिक काम आहे.

शोध सुरू होतो एमआरआयने. नेहमीचा नव्हे, अपस्मारासाठी ठरवलेल्या पद्धतीने, बारीक कापांत काढलेला. नेहमीच्या एमआरआयवर "नॉर्मल" लिहून आलेल्या कितीतरी रुग्णांत असा एमआरआय काढला आणि तो जाणत्या डोळ्यांनी वाचला, की दोष दिसतो. सर्वांत नेहमीचा दोष हिप्पोकॅम्पसचा. मेंदूच्या बाजूच्या भागात आत दडलेला, नव्या आठवणी घडवणारा हा वाकडा पट्टा आक्रसून कडक झालेला असतो. अशा अनेकांच्या लहानपणी ताप येऊन लांबलेली आकडी आल्याची हकीकत असते. दुसरा नेहमीचा दोष जन्मतःच चुकीच्या घडणीच्या मेंदूच्या सालीचा. तिसरा, आपल्याकडे बराच दिसणारा, बाळंतपणात श्वास गुदमरल्याने किंवा जन्मानंतर रक्तातली साखर उतरल्याने उरलेला व्रण.

मग व्हिडिओ-ईईजी. रुग्णाला तीन-चार दिवस, कधी जास्त, रुग्णालयात ठेवतात. डोक्याला तारा, समोर कॅमेरा, गोळ्या देखरेखीखाली कमी करत आणतात. इथे सगळे फिट येण्याचीच वाट पाहतात, हे घरच्यांना आधी समजावून सांगितलेले बरे. झटका कुठून सुरू झाला, ते कॅमेरा आणि तारा मिळून सांगतात. त्यानंतर स्मरण आणि भाषेच्या चाचण्या होतात. याला कारण आहे १९५३ सालचे. अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने एका तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. फिट बऱ्याच कमी झाल्या, पण त्या तरुणाला पुढे आयुष्यभर नवी आठवण धरता आली नाही. त्या एका शोकांतिकेने स्मरणशास्त्राचा पाया घातला आणि शस्त्रक्रिया एकाच बाजूला, आणि तीही दुसरी बाजू निरोगी असल्याची खात्री करूनच, हा दंडक घालून दिला.

ही शस्त्रक्रिया परदेशी चैनीची गोष्ट आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी वेल्लोरचा इतिहास पाहावा. जेकब चांडी यांनी मॉन्ट्रिअलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून येऊन १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला मज्जाशल्य विभाग सुरू केला आणि १९५२ साली तिथे अपस्मारावरची शस्त्रक्रिया झाली. म्हणजे सत्तर वर्षे उलटली. पुढे १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने शस्त्रक्रियेचा पद्धतशीर कार्यक्रम उभा राहिला आणि आटोपशीर खर्चात, नेमक्या निवडीने काय साधते, ते देशाने पाहिले. आपल्या जवळचे ठिकाण परळचे केईएम. १९२६ पासून चालू असलेल्या या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. संगीता रावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराचे केंद्र घडवले. तिथे व्हिडिओ-ईईजीही होते आणि शस्त्रक्रियाही. मनोरहून पालघर किंवा बोईसर गाठायचे, डहाणूची लोकल धरून दादरला उतरायचे आणि परळ. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. रोजंदारी बुडवून, सोबतीच्या माणसाचीही बुडवून, वारंवार जायचे तर हे अंतर मोठे आहे, हे खरेच. म्हणूनच चिठ्ठी घेऊन, तपासण्यांचा क्रम ठरवून जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारावे.

गुण किती येतो? कॅनडातल्या लंडन शहरात सॅम्युअल वीब आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली: निम्म्यांची शस्त्रक्रिया, निम्म्यांना उत्तम औषधोपचार. वर्षभराने भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के आणि औषधांच्या गटातले ८ टक्के. औषधांच्या गटातला एक रुग्ण त्या वर्षात दगावला. मेंदूवर चाकू चालवण्याची भीती माणसाला वाटणारच. पण न थांबणाऱ्या फिटसह जगणे हाही धोकाच आहे, तो रोजचा असल्यामुळे दिसत नाही, इतकेच. शस्त्रक्रियेत संसर्ग, नजरेच्या एका कोपऱ्यात कमी दिसणे, शब्द आठवायला वेळ लागणे अशा जोखमी असतात आणि त्या आधी मोकळेपणाने सांगितल्या गेल्याच पाहिजेत. गोळ्या दुसऱ्या दिवशी बंद होत नाहीत; वर्ष-दोन वर्षांनी, सगळे ठीक असेल तर हळूहळू कमी करतात.

प्रत्येकाची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही. झटके दोन्हीकडून किंवा सगळीकडून उठत असतील, वा नेमके बोलण्याच्या जागेतून उठत असतील, तर दुसरे मार्ग आहेत. किटोजेनिक आहार १९२१ पासून माहीत आहे: स्निग्ध पदार्थ भरपूर, पिष्ट जवळजवळ नाही. काही बालअपस्मारांत त्याने निम्म्या मुलांचे झटके निम्म्याहून कमी होतात आणि मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी तो भारतीय स्वयंपाकात बसवण्यावर बरेच काम केले. पण भात आणि नागलीच्या भाकरीवर पोट भरणाऱ्या घरात हेच कमी करून तूप, तेल, अंडी, शेंगदाणे वजन करून द्यायचे, हे आहारतज्ज्ञाच्या सततच्या मदतीशिवाय होत नाही. मनाने तर ते कधीच करू नये. मानेतल्या व्हेगस नसेला सौम्य विजेचे ठोके देणारे यंत्र अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाले. त्याने झटके कमी होतात, क्वचितच थांबतात, आणि किंमत लाखांत जाते. अचानक कोसळून डोके फोडून घेणाऱ्या मुलांत मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा सेतू कापण्याची शस्त्रक्रिया करतात. तिने आजार जात नाही, पण कोसळणे बरेचदा थांबते किंवा कमी होते.

उपाय मिळेपर्यंत जगायचे असते, आणि इथले जगणे पाण्याचे, झाडाचे आणि चुलीचे आहे. सूर्या आणि वैतरणेत एकट्याने उतरणे, विहिरीच्या काठावर एकट्याने पाणी ओढणे, सातपाटी-मुरब्याच्या होडीवर जाणे, ताडी काढायला ताडावर चढणे ही अपस्मार आटोक्यात नसलेल्या माणसाने करायची कामे नाहीत. लावणीच्या चिखलात टीचभर पाण्यात तोंड खाली पडलेला माणूसही गुदमरतो. चुलीपुढे एकटे बसू नये, न्हाणीला आतून कडी लावू नये. फिट आली की आजूबाजूला मोकळी जागा करावी, डोक्याखाली मऊ काही द्यावे, जमेल तसे कुशीवर वळवावे आणि घड्याळ बघावे. कांदा, चप्पल, किल्ली यांनी काहीही होत नाही. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीच घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरने लिहून दिला असेल तर तोपर्यंत वापरता येतो. रात्री झोपेत, विशेषतः पालथे झोपून, फिटमध्ये अचानक मृत्यू येण्याचा धोका असतो. वर्षाला हजारात एक, न थांबणाऱ्या फिटमध्ये त्याहून बराच जास्त. घाबरवायला नव्हे, तर "महिन्यातून दोनदा येते, चालायचेच" असे म्हणत बसू नये, म्हणून हे सांगावे लागते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. व्हॅल्प्रोएट हे ताकदीचे औषध आहे, पण गर्भावर त्याचा परिणाम गंभीर होतो. लग्नाच्या वयाच्या मुलीला ते चालू असेल तर पर्यायाबद्दल डॉक्टरशी आताच बोलावे, दिवस गेल्यावर नव्हे. आणि तोपर्यंत गोळी आपल्या मनाने थांबवू नये. लग्न ठरवताना आजार लपवला जातो आणि मग सासरी गोळ्या लपून घ्याव्या लागतात, चुकतात, फिट वाढते. अपस्माराच्या कारणावरून विवाहाला आव्हान देण्याची हिंदू विवाह कायद्यातली तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली गेली. कायदा बदलला, तसे घरातले बोलणे अजून बदललेले नाही.

मुलांचे उपचार मात्र थांबवून ठेवू नयेत. लहान मुलांच्या मेंदूत एका भागाचे काम दुसरा भाग उचलू शकतो, म्हणून काही मुलांत मेंदूचा अर्धा भाग विलग करण्याची मोठी शस्त्रक्रिया करूनही मूल चालते, बोलते, शाळेत जाते. दिल्लीच्या एम्समध्ये मंजरी त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी औषधरोधी अपस्मार असलेल्या ११६ मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. वर्षभरात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांचे झटके थांबले. औषधांवरच ठेवलेल्या मुलांत ७ टक्क्यांचे. हे आकडे आपल्याच देशातल्या सरकारी रुग्णालयातले आहेत. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने २०२२ मध्ये शिफारस केली, की दोन औषधे हरल्याचे नक्की झाले की शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी लगेच पाठवावे, वय सत्तर असले तरी. पाश्चात्त्य देशांतही आजार सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत सरासरी वीसेक वर्षे जातात असे अहवाल आहेत. वीस वर्षांत मुलाची शाळा आणि पहिली नोकरी दोन्ही निघून जातात. मुलाचे दुसरे औषध पुरेशा मात्रेत आणि नियमित देऊनही झटके चालू असतील, तर त्याच भेटीत डॉक्टरकडे दोन गोष्टी मागाव्यात: अपस्मारासाठीच्या एमआरआयची चिठ्ठी आणि व्हिडिओ-ईईजी होते अशा केंद्राच्या नावे पत्र. पत्रात आतापर्यंतच्या प्रत्येक औषधाचे नाव, सर्वांत मोठी दिलेली मात्रा आणि ते का थांबवले, हे लिहून घ्यावे. मोबाइलमधला व्हिडिओ आणि खुणा केलेले कालनिर्णय त्यासोबत न्यावे.